निम्म्यावरचा नवस

ओल्या लोकरीचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे दोन तळवे येतात. जांभळीच्या मुळांवर पालथी पडलेली एक स्त्री, टाचांना चिकटलेली कुजकी पानं, पाठीवर येईल अशी काठीच्या आधाराने तिरपी रोवलेली काळी छत्री, आणि चेहरा कुठेतरी पुढे, बोटभर उंचीच्या रोपांच्या गर्दीत हरवलेला. भोवती श्रावणातला उजेड, पाण्यातून गाळून आल्यासारखा हिरवा. ही माझी पत्नी, सुमती. आमच्या लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा अगदी स्वच्छ आला आहे, पण आठवण काढू म्हटलं की आधी तळवेच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

ती श्रीरामपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी त्याच गावातल्या एका शाळेत संस्कृत. संस्कृत शिकवणारा ख्रिस्ती मास्तर म्हणून गावात माझं थोडंफार नवल होतं, पण माझी बायको पाहिल्यावर लोक माझं नवल विसरून जात. एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात आम्ही आपला संसार दोन वळकट्यांत बांधून अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत येऊन राहिलो. तिने अभ्यासासाठी रीतसर रजा घेतली होती, मी पोटाच्या विकाराचं निमित्त सांगून. भागूबाई नावाच्या एका विधवा बाईंनी त्यांची पडवी आम्हाला दिली. वाडीच्या वरच्या अंगाला देवराई होती, राईत सगळ्यांत जुनी जांभळी, आणि तिच्या बुंध्याशी शेंदूर माखलेला एक बिनघडणीचा दगड. त्याला वाडी 'राईतली आई' म्हणायची. आईचा कायदा एकच, पण कडक: राईतून बाहेर काही न्यायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. त्यामुळे तिथे कुऱ्हाड कधी शिरली नव्हती, आणि सुमतीला नेमकी अशीच जागा हवी होती.

तिचा प्रश्न लहान मुलानेही विचारावा इतका साधा होता. जांभळीखाली दर पावसाळ्यात तिच्या रोपांचं तण माजतं आणि आश्विन येईतो त्यातलं एकही उरत नाही. पाखराने नाहीतर वटवाघळाने लांब नेऊन टाकलेलं बी मात्र राईच्या दुसऱ्या टोकाला मजेत वाढतं. असं का? पुण्याचे तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणत, आईझाडाच्या सावलीमुळे. सुमती म्हणायची, सावली बिचारी कुणाला मारते? मारतात ते शत्रू. आई जिथे उभी, तिथे तिच्यावर पोसलेल्या अळ्यांचं, बुरशीचं, भुंगेऱ्यांचं पिढीजात बिऱ्हाड असतं. वरून पोर खाली पडलं की पंगत तयारच. लांब पडलेल्या पोराचा पत्ता त्यांना ठाऊक नसतो, म्हणून ते वाचतं.

मी चुलीपुढे भाकरी थापत बसलो की ती उंबऱ्यावर बसून मला पुढचा पाठ द्यायची. "अहो, हे शत्रू आहेत म्हणून तर रान आहे. जांभळीची सगळी पोरं जगली असती तर इथे नुसत्या जांभळीच दिसल्या असत्या. अळ्या जागा मोकळी करतात, तिथे हिरडा येतो. हिरड्याखाली बेहडा येतो. ज्याचा त्याचा वैरी वेगळा, म्हणून सगळ्यांची सोय होते." वैऱ्यांविषयी इतक्या मायेने बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शत्रूंवर प्रेम करा असं आम्हाला दर रविवारी ऐकवत, पण त्यात अळ्याही धरलेल्या आहेत हे मला तिच्यामुळे कळलं.

मत असणं वेगळं आणि ते शाबीत करणं वेगळं. आदल्या वर्षी श्रीरामपुरात तिने आमची घरातली मच्छरदाणी फाडून एका जांभळीखालच्या रोपांवर ताणली होती, म्हणजे किडे बाहेर राहावेत. रोपं जगली, आम्ही दोघं हिवतापाने आडवे झालो, आणि मार्गदर्शकांनी एका वाक्यात निकाल लावला: जाळीने उजेडही बदलला, तेव्हा यातून काही ठरत नाही. हा पावसाळा शेवटचा, असंही त्यांनी बजावलं. उत्तर मिळालं नाही तर प्रयोगशाळेच्या टेबलावर मावेल असा बाटलीतला विषय घ्यायचा. "बाटलीतला विषय घ्यावा लागला तर मी सगळं सोडून घरी बसेन," ती मला म्हणाली. ती घरी बसलेली कशी दिसेल याचा मी विचार करून पाहिला, आणि खरंच घाबरलो.

म्हणून या खेपेला ती अळ्यांना रोपं खाताना डोळ्यांनी पाहणार होती आणि कोण किती मेलं याची रोज मोजणी करणार होती. त्यासाठी रोपांना खूण हवी. कागद कुजतो, पत्रा कोवळ्या देठाला कापतो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने माझ्यासाठी एक तांबडा स्वेटर विणायला घेतला होता. तो एका बाहीवर अडून कित्येक वर्षं ट्रंकेत पडला होता. तो तिने माझ्या डोळ्यांदेखत उसवला आणि जांभळीखालच्या शेकडो रोपांच्या गळ्यात, तसेच राईच्या लांबच्या टोकाला उगवलेल्या थोडक्या रोपांच्याही गळ्यात, लोकरीचा एकेक दोरा सैल बांधला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तो स्वेटर कामी येण्याचा संभव माझ्यापेक्षा त्या रोपांच्या बाबतीत जास्त होता, हे मलाही कबूल होतं.

सकाळी राईत धुकं असायचं, आणि धुक्यातून तिचा आवाज यायचा. चर्चमधल्या गाण्यांच्या चालीवर ती अळ्या मोजायची. मोजता मोजता एखादी अळी हातावर चढली तर तिला "चल, कामाला लाग" म्हणून पुन्हा पानावर सोडायची. तिच्या हातातल्या भिंगाने दुपारी उन्हाची तिरीप आली की चिखलावर एक कवडसा पडे, आणि तो कवडसा कुठे थांबला आहे यावरून बाई कुठल्या रोपापाशी आहेत ते मला पडवीतून कळायचं. जेवायला हाक मारली तर पहिल्या हाकेला ती "हो" म्हणायची, दुसरीला "आलेच", आणि तिसरीला मीच ताट घेऊन वर जायचो. तळव्यांशी बसून वाढायचो. अळीवरून नजर न हलवता ती भाकरीचा घास मागे हात करून घ्यायची.

आता हे दृश्य वाडीला कसं दिसत असेल, याचा आम्ही दोघांनीही विचार केला नव्हता. धडधाकट बाई दिवसभर देवीपुढे लोटांगण घालून पडलेली आहे. नवरा मात्र काटकुळा, रंगाने पिवळट, पडवीत बसून पुस्तक वाचतो, भाकरी थापतो, लुगडी धुतो, आणि सारखा खोकतो. खोकला ओल्या सरपणाच्या धुराचा होता, पण तो काही सांगून येत नाही. एके दिवशी भागूबाई राईत दिवा लावायला आल्या आणि सुमतीच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"बाई, ह्यो दोरा कुनाचा?"

"मास्तरांच्या स्वेटरचा," सुमती म्हणाली. ती खोटं कधी बोलत नसे, आणि त्या वेळी एक अळी ऐन रंगात आली होती.

"मास्तरांच्या अंगावरल्या कापडाचा?"

"त्यांच्यासाठीच घेतला होता. आता त्यांना काय उपयोग?"

भागूबाईंनी देवीपुढे दिवा लावला आणि त्या निघून गेल्या. त्या बाजूच्या वाड्यांत रीत अशी होती की माणूस दुखण्याने फार खंगला तर घरच्या बाईने त्याच्या अंगावरच्या वस्त्राचा दोरा देवीच्या झाडाला बांधायचा आणि नवस बोलायचा. सुमतीने तर एक नव्हे, शेकडो बांधले होते. याचा अर्थ उघड होता: मास्तरांचं काही खरं नाही.

त्या दिवसापासून माझं नशीब उघडलं. सकाळी दारात नागलीची आंबील यायची, दुपारी उकडलेलं अंडं, संध्याकाळी कुणीतरी हळदीचं दूध घेऊन उभं. मी विहिरीवर कळशी उचलायला गेलो तर बायका ती हातातून काढून घेत. वाडीतला एक म्हातारा रोज येऊन माझी नाडी धरून बसे आणि काही न बोलता मान हलवून निघून जाई. मी एकदोनदा म्हणून पाहिलं, की मला काही झालेलं नाही. "सगळी असंच म्हनत्यात," भागूबाई म्हणाल्या, आणि वाटीत आणखी तूप ओतलं. शाळेच्या दप्तरी मी आजारी होतोच, इथे गावाचीही मान्यता मिळाली. मी वाद घालायचं सोडून दिलं आणि चांगला गुबगुबीत होऊ लागलो.

इकडे सुमती मात्र वाळत चालली. भाद्रपद लागला आणि जांभळीखालची रोपं मरेनात. ती रोज मोजायची, आणि रोज सगळी हजर. लांबच्या टोकाची जगत होती हे ठीक, पण आईच्या पायाशी असलेलीही तशीच टवटवीत. अळ्या होत्या, पण रोपांभोवती फिरून तोंड वळवून जात होत्या. "म्हणजे सावली मारत नाही आणि शत्रूही मारत नाहीत," ती पडवीत भिंतीला टेकून म्हणाली. "म्हणजे मला काहीच कळलेलं नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. गाण्याच्या चाली थांबल्या होत्या. मी तिला अंडं देऊ केलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ते मुकाट्याने खाल्लं.

त्या रात्री तिला झोप लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी ती फटफटायच्या आतच मला घेऊन राईत गेली. जांभळीखाली भागूबाई आणि वाडीतल्या आठ-दहा बायका ओणव्या झालेल्या. एकीच्या हातात हळदी-कुंकवाचा करंडा, दुसरीच्या सुपात चुलीतली राख. देवीपुढे ठेवून घेतली की तिचाच अंगारा होतो. दोरा दिसेल त्या प्रत्येक रोपाला बोटाने हळद, कुंकू, आणि मुळाशी चिमूट चिमूट अंगारा. पावसाने धुतलं की पुन्हा. रोज. सुमती वर येईतो पहाटेच्या सरीने रंग धुऊन जाई, आणि उरलेली राख चिखलात मिसळून चिखलासारखीच दिसे. लांबच्या टोकाची रोपं त्यांनी सोडली होती, कारण तिथवर देवीची नजर पोचत नाही.

"हे काय चाललंय?" सुमती ओरडली. राईत तोवर कुणी ओरडलं नसावं, कारण वटवाघळं सुद्धा उडाली.

"तुमी येकल्या किती कराल, बाई?" भागूबाई शांतपणे म्हणाल्या. "मास्तर आमचं बी हायेत."

सुमतीच्या दोन वर्षांच्या कष्टांवर वाडीने प्रेमाने राख टाकली होती, आणि जिच्यावर चिडावं ती प्रत्येक बाई सुमतीच्याच कपाळाच्या कुंकवासाठी पहाटेच्या थंडीत भिजत उभी होती. सुमती मुळावर बसली. मग तिने एक रोप जवळून पाहिलं, दुसरं पाहिलं, बोटावर अंगारा घेऊन चोळला, वर जांभळीच्या गच्च पानांकडे बघितलं, आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अहो," ती मला म्हणाली, "सावली तीच आहे! आई तीच, सावली तीच. फक्त किडे लांब राहिले. मच्छरदाणीने जमलं नाही ते यांनी राखेने केलं." वांग्याच्या झाडावर राख टाकतात हे आमच्या घरी परसात मी स्वतः करत आलो होतो, पण ते ज्ञान आमच्या दोघांच्याही उपयोगी पडलं नव्हतं.

आता एकच गोष्ट उरली, आणि तीच अवघड होती. अर्धी रोपं अंगाऱ्याविना सोडायला हवीत. एकाच सावलीत अंगाऱ्याची जगली आणि बिनअंगाऱ्याची मेली, तरच शत्रूंचा गुन्हा शाबीत होणार. एक आड एक रोप निवडून त्याच्या दोऱ्याला दुसरी गाठ मारायची, आणि दोन गाठींच्या रोपाला बायकांनी हात लावायचा नाही. सुमतीने हे भागूबाईंना समजावून सांगितलं. भागूबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"निम्म्यावर नवस?" त्या म्हणाल्या. "मंग मास्तर निम्माच बरा हुईल की!"

"त्यांना काही झालेलंच नाही, भागूबाई."

"झालं न्हाई तर लोटांगन कशाला घालता?"

पाऊस सरत आला होता, मार्गदर्शकांची मुदत सरत आली होती, आणि सुमतीचं सारं भवितव्य एका चिमूट राखेवर येऊन ठेपलं होतं. अखेर देवीचा कौल घ्यायचं ठरलं. दगडाला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे, उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. तांदूळ चिकटवले, आणि एक सर येऊन दोन्हीकडचे एकदम धुऊन गेली. "आई म्हनती, ज्याचा जीव त्यालाच इचारा," भागूबाईंनी निर्णय दिला. "मास्तरांनी सोता म्हनायचं."

असा मी, संस्कृत शिकवणारा आणि रविवारी चर्चला जाणारा, शेंदराच्या दगडापुढे हात जोडून उभा राहिलो. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सुमती बघत नव्हती. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती, आणि इतक्या वर्षांत मी तिला कुणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "आई, माझ्यातला निम्मा मी अळ्यांना दिला. उरलेला निम्मा बरा कर." हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सुमतीने चिखलाने भरलेल्या बोटांनी माझा हात धरला. चारचौघांत तिने माझा हात धरला तो तेवढा एकदाच.

"कंचा निम्मा, मास्तर?" मागून भागूबाईंनी विचारलं.

मी याचा विचार केला नव्हता. "आईची मर्जी," म्हणालो.

मग शत्रूंनी आपलं काम चोख केलं. आश्विनात एका गाठीची रोपं हिरवीगार उभी होती, आणि त्यांच्या अध्येमध्ये चिखलावर दोन गाठींचे तांबडे दोरे पडले होते, नुसती वेटोळी, ज्यांच्या आत काही उरलं नव्हतं. सुमती प्रत्येक रिकाम्या वेटोळ्यापाशी आनंदाने मान डोलवत होती. बायका त्याच वेटोळ्यांकडे बघून माझ्याकडे बघत होत्या. जागा मोकळी झाली होती तिथे हिरड्याची चार पानं वर आलेली तिने मला दाखवली. मग तिने भागूबाईंना विनवलं की आता अंगारा बंद करा, नाहीतर राईत जांभळीशिवाय काही उरणार नाही. माझी तब्येत सुधारल्याचा पुरावा म्हणून मला राईला एक प्रदक्षिणा पळत घालावी लागली. म्हाताऱ्याने नाडी पाहिली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं: "हाय." तरी भागूबाईंनी एक रोप राखूनच ठेवलं. "मानूस पुन्ना आजारी पडतो," त्या म्हणाल्या. निघताना सुमती लोकर गोळा करू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. राईतलं बाहेर जात नाही. तेव्हा माझा स्वेटर कायमचा तिथेच राहिला.

मार्गदर्शकांनी सगळं वाचलं आणि समासात एवढंच लिहिलं, 'अंगारा म्हणजे नेमके काय, ते स्पष्ट करावे.' ते वाक्य तिने चौकटीत लावून स्वयंपाकघरात टांगलं. पदवी तिला मिळाली. बाटलीतला विषय तिला कधी घ्यावा लागला नाही, आणि ती घरी कधी बसली नाही. त्यानंतर कितीतरी पावसाळे मी निरनिराळ्या रानांत तिच्या तळव्यांशी ताट घेऊन बसलो. ती एक दिवसही आजारी पडली नाही. म्हणून तिच्यासाठी कुणी कधी दोरा बांधला नाही, कुणाला ते सुचलं नाही, मलाही नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. सकाळी चहाला हाक मारली, पहिल्या हाकेला "हो" नाही, दुसरीला "आलेच" नाही. तिसरी हाक मी मारलीच नाही.

ज्याचा भरवसा नव्हता तो मास्तर अजून आहे. या पावसाळ्यात मी नातेवाइकांना न जुमानता वाडीला जाऊन आलो. भागूबाई केव्हाच गेल्या. त्या पहाटे राखेचं सूप धरून उभी असलेली त्यांची सूनच आता म्हातारी झाली आहे. जुनी जांभळी आतून पोकळ झाली आहे, आणि तिच्या बाजूला, जिथे शास्त्राप्रमाणे उभंच राहायला नको होतं, तिथे एक जांभळीचं झाड आहे, माझ्या कवेत न मावणारं. त्याच्या बुंध्याशी ताजा अंगारा होता. सुनेने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात धरून मुळावर बसवलं. "मास्तर, बरं हाय का आता?" तिने विचारलं, जणू मी कालच पडवीत खोकत होतो. मी म्हणालो, "निम्मा बरा आहे." "आत्याबाई म्हनतच हुत्या," ती सासूची आठवण काढून म्हणाली. वरून जांभळं टपटप पडत होती, पानापानांतून तोच हिरवा उजेड गळत होता, आणि मी मुळांजवळच्या त्या मोकळ्या जमिनीकडे बघत बसलो, जिथे एके काळी छत्री तिरपी रोवलेली असे आणि तिच्याखालून दोन तळवे बाहेर आलेले असत. देवीपुढे मी जो निम्मा देऊन टाकला होता तो कुठला, हे मला भागूबाईंनी त्याच दिवशी विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली.